मोठ्या लाटेचा बोर्ड कुणी घडवला? कुऱ्हाडीने की बाल्साने?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात हवाईच्या ओआहू बेटावर, उत्तर किनाऱ्याला दोन दिवस होतो. तिथल्या एका दुकानात आढ्याला जुना सर्फबोर्ड टांगलेला दिसला. साडेदहा फुटांच्या आसपास लांब, अंगाने सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळता. मधोमध रेडवूड या लाकडाची तांबूस पट्टी, दोन्ही बाजूंना बाल्सा हे पिवळट, अगदी हलकं लाकूड. या जातीच्या बोर्डाला 'गन' म्हणतात. बझी ट्रेंट हा मोठ्या लाटांवरचा सर्फर आणि त्याचे सोबती मोठ्या लाटेला शिकारीची भाषा लावायचे. हत्ती मारायचा तर हत्तीची बंदूक हवी, त्यावरून हे नाव पडलं.

शेजारी उभा असलेला माणूस आपल्या मुलाला सांगत होता, "७ नोव्हेंबर १९५७ ला ग्रेग नोल, पॅट करन वगैरे कॅलिफोर्नियाची पोरं वायमेया खाडीच्या लाटेवर उतरली, आणि त्यानंतर हा बोर्ड जन्माला आला." हेच सगळीकडे ऐकायला मिळतं. मला ते साफ नामंजूर आहे.

माझ्या मते हा बोर्ड १९३७ मध्ये होनोलुलूत, एका घराच्या अंगणात जन्मला. जॉन केली, फ्रॅन हीथ, वॉली फ्रॉइसेथ ही तेव्हा विशीच्या आतबाहेरची मुलं. त्या वेळचे बोर्ड म्हणजे रेडवूडच्या सपाट फळ्या, मागून रुंद आणि चौकोनी. लाट उभी झाली की फळीची शेपूट पाण्यावर टिकत नसे, बाजूला सटकायची आणि माणूस आडवा होऊन पडायचा. त्या दिवशी असंच आपटून घरी आल्यावर केलीने फळी घोडीवर ठेवली, कुऱ्हाड उचलली आणि कडेवर घाव घातला. घाव जितका खोल जाईल तितकं लाकूड काढायचं, एवढंच माप. शेपूट पाचेक इंचांवर आली, तळाला होडीसारखा उतार दिला. तोच बोर्ड पाण्यात नेला, तर शेपूट लाटेच्या भिंतीत रुतून बसली. या बोर्डांना पुढे 'हॉट कर्ल' नाव पडलं. ते घेऊन हीच मंडळी ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मकाहाच्या मोठ्या लाटांवर जाऊ लागली, वायमेयाच्या कितीतरी आधी.

मग वायमेयाला १९५७ उजाडेपर्यंत कुणी का गेलं नाही? डिसेंबर १९४३ मध्ये डिकी क्रॉस आणि वुडी ब्राउन हे सर्फर त्याच उत्तर किनाऱ्यावर सनसेटला असताना समुद्र अचानक वाढला. किनाऱ्याला लागता येईना, म्हणून दोघं वल्हवत वायमेयाकडे आले. ब्राउन कसाबसा वाळूत फेकला गेला. क्रॉस परत आला नाही. सतरा वर्षांचा होता. त्यानंतरची चौदा वर्षं ती खाडी रिकामी राहिली ती या भीतीमुळे. बोर्डात खोट होती म्हणून नव्हे.

रंधा-पटाशी

असहमत. कुऱ्हाडीची गोष्ट सुरेख आहे, पण ती गोष्ट म्हणूनच सुरेख आहे.

मी सुतारकाम करतो, सिंधुदुर्गात. लाकडाच्या बाजूने बघा. रेडवूड घनमीटरला साधारण ४०० किलो, बाल्सा १०० ते २००. शाळेत असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानांचे नमुने करायचो तेव्हा बाल्सा हातात आला होता. ब्लेडने कापला जातो, नखाने दाबलं तर खळगा पडतो, आणि पाणी असं पितो की रात्रभर ओल्या कपड्यावर राहिलेली पट्टी सकाळी फुगून वाकडी झालेली असते. असल्या लाकडाचा बोर्ड उघडा समुद्रात टिकेल का? त्याला वरून कवच पाहिजे. ते कवच म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाजारात आलेली वस्तू. म्हणजे १९३७ मध्ये कुणी कितीही कुऱ्हाड चालवली असती तरी गन होणं शक्यच नव्हतं.

दुसरं, हॉट कर्लला फिनच नाही, म्हणजे शेपटीखाली उभी बसवलेली पाती. तो लाटेवर तिरका सरळ धावतो, मनासारखा वळत नाही. फ्रॉइसेथच्याच घरात वाढलेला जॉर्ज डाउनिंग १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला, बोर्ड बनवणाऱ्या बॉब सिमन्सला भेटला, फायबरग्लासचं काम बघितलं आणि परतल्यावर पन्नाशीच्या सुरुवातीला बाल्साचा, काढता-घालता येणाऱ्या फिनचा बोर्ड केला. जन्मतारीख लावायचीच तर ती लावा.

सागरमाप

जहाजांच्या आराखड्यांचं काम करतो म्हणून दोन ओळी.

फुटणाऱ्या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ८ मीटर खोलीवर तो ताशी साधारण ३२ किलोमीटर भरतो. हातांनी वल्हवणारा माणूस फार तर त्याच्या पाव. उरलेला वेग लाटेचा उतारच देतो, पण तो मिळेपर्यंत भिंत उभी राहिलेली असते. त्यामुळे प्रत्येक वीतभर आधी लाट पकडता येणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न. लांब आणि अरुंद तळ पाण्यात कमी शक्तीत जास्त वेगाने सरकतो. गन साडेदहा-अकरा फुटी असण्याचं कारण हे. नाक वर उचललेलं, कारण उतारावर ते पाण्यात घुसलं की खेळ संपला. सगळ्यात रुंद भाग मध्यापेक्षा थोडा पुढे, म्हणजे छातीखाली तरंगशक्ती मिळते आणि मागचा भाग आपोआप निमुळता होत जातो.

आता शेपूट. रुंद शेपटीखाली वेगाने पाणी गेलं की ती वर उचलली जाते आणि पकड सुटते. अरुंद शेपूट थोडी बुडालेली राहते. तेव्हा कुऱ्हाडीने सोडवलेला प्रश्न खरा होता. फिननेही तोच प्रश्न सोडवला, पण जास्त चांगला. मी दोघांच्या मध्ये आहे.

अवांतर: हवाईत लाटेची उंची मागून मोजायची पद्धत आहे, म्हणून तिथले २० फूट म्हणजे समोरून बघणाऱ्याला जवळजवळ दुप्पट.

पश्चिमवारा

@रंधा-पटाशी, फायबरग्लासचा मुद्दा मान्य. पण डाउनिंगने कॅलिफोर्नियात बघितलं ते साहित्य, आकार नव्हे. सिमन्सचे बोर्ड मागून रुंद होते, सपाट लाटेवर वेगाने घसरण्यासाठी केलेले. अरुंद शेपूट डाउनिंगने घरूनच नेली होती. करनने बाल्सात केली ती, डिक ब्रूअर या बोर्ड घडवणाऱ्याने पुढे फोममध्ये केली तीही शेपूट तीच. साहित्य तीनदा बदललं आणि आकार टिकला, तर जन्म कशाचा धरायचा?

माउका

मी होनोलुलूत आठ वर्षं राहते आणि हा वाद वाचताना मला वाईट वाटतंय. एक म्हणतो १९३७, दुसरा म्हणतो १९५०. दोन्हीकडे नावं फक्त बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची आणि त्यांच्या मुलांची. हवाईयन माणूस कुठे आहे या धाग्यात?

इथल्या बिशप संग्रहालयाकडे अबनर पाकी या सरदाराचे ओलो, म्हणजे जुन्या हवाईयन पद्धतीचे लांब बोर्ड आहेत. पाकी १८५५ मध्ये वारला, म्हणजे बोर्ड त्याआधीचे. चौदा फुटांहून लांब, लांबट, जाड, दोन्ही बाजूंनी फुगीर. ओलो फक्त सरदारांसाठी असत. झाड तोडताना मुळाशी खड्डा करून त्यात तांबडा मासा ठेवायचे, दगडी वाकसाने लाकूड तासायचे, पोवळ्याने घासायचे, मग कुकुई या झाडाच्या बियांचं तेल. हे करणाऱ्यांना पाण्याचं गणित कळत नव्हतं का?

१७७८ नंतर जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी इथली बहुतेक माणसं नेली. १८२० पासून मिशनरी आले. ज्ञान हातातून हातात जायचं ते हातच उरले नाहीत. १९३७ च्या मुलांना कुऱ्हाडीने चाचपडावं लागलं, कारण सांगणारं कुणी शिल्लक नव्हतं.

आणि तुमचा तो फिन! तो १९३५ मध्ये टॉम ब्लेकने वायकिकीला बसवला, एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीची पट्टी काढून. हा ब्लेक मूळचा विस्कॉन्सिनचा, त्याने विसाच्या दशकात पाकीचेच बोर्ड संग्रहालयात दुरुस्त केले होते. त्यावरून त्याने स्वतःचा ओलो केला, वजन कमी करायला त्याला शेकडो भोकं पाडली आणि त्यातूनच त्याचा पोकळ बोर्ड आला. म्हणजे कुऱ्हाडवाले असोत की फिनवाले, दोघांचीही वाट संग्रहालयातल्या त्या ओलोंवरून जाते.

पश्चिमवारा

माउकाताई, ब्लेकचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी धाग्यात 'जन्मला' लिहिलं तिथे 'पुन्हा सापडला' लिहायला हवं होतं, इतपत मान्य करतो. पण एक गोष्ट सोडवत नाही. ओलो लांब, संथ उचलणाऱ्या लाटेसाठी उत्तम. उभ्या, पोकळ लाटेत शेपूट धरून ठेवायला तो केलेला दिसत नाही. केलीचा घाव त्या जागी नवाच होता.

माउका

तुम्हाला तो नवा वाटतो, कारण जुने बोर्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. उरलेल्या दोन-चारांवरून नाहीशा झालेल्या शेकडोंबद्दल निकाल देऊ नका. मी यावर ठाम आहे.

आणि नाव घ्यायचंच तर एडी आयकाऊचं घ्या. वायमेयाचा जीवरक्षक, हवाईयन. १९७८ च्या मार्चमध्ये होकुलेआ ही दुहेरी होडी उलटली, तेव्हा मदत आणायला तो बोर्डावरून जमिनीकडे वल्हवत गेला. बाकीचे वाचले, तो सापडला नाही. मोठ्या लाटेचा बोर्ड कुणाचा, हे विचारलं की मला आधी तो आठवतो.

रंधा-पटाशी

ताई, एक विचारतो. ओलो कुठल्या लाकडाचे?

माउका

विलीविली. अगदी हलकं असतं. झाडाला काटे आणि केशरी-तांबडी फुलं.

रंधा-पटाशी

मग तो आपला पांगाराच की! त्याच कुळातला. आमच्याकडे सावंतवाडीची लाकडी फळं पांगाऱ्याची करत आले आहेत. तासायला लोण्यासारखा, वाळला की हातात वजन लागत नाही. म्हणजे बाल्सा इक्वेडोरहून यायच्या कितीतरी आधी हवाईत हलक्या लाकडाचे बोर्ड होते. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं लाकडाचं अर्धं म्हणणं मी मागे घेतो. फिनचं मात्र घेत नाही.

परड्यात पांगाऱ्याचा एक ओंडका वाळत पडलाय. दीड-दीड फुटी तीन नमुने करतो: एक ओलो, एक हॉट कर्ल, एक फिन लावलेला गन. वर लाखेचा हात देतो, म्हणजे पाणी पिणार नाही. आमच्या व्हाळावर छोटा बंधारा आहे, सांडव्यावर पाणी चांगलं उभं वाहतं. दोरीला बांधून तिथे धरतो आणि कोणाची शेपूट सटकते ते बघतो. सागरमाप, नमुना लहान केल्यावर वेगाचं प्रमाण कसं धरायचं ते सांगा. पश्चिमवारा, त्या टांगलेल्या बोर्डाचं शेपटीकडचं माप घेतलंत का?

सागरमाप

लांबी सातपट कमी, तर वेग सातच्या वर्गमुळाने कमी धरा, म्हणजे साधारण २.६ पट. ताशी ३२ च्या जागी १२. सांडव्यावर मिळायला हरकत नाही.

पश्चिमवारा

टेप नव्हती, पण मालकाने शिडीवर चढू दिलं होतं. शेपटीच्या टोकापासून हातभर आत माझी एक वीत आणि वर चार बोटं, एवढी रुंदी. माझी वीत साडेआठ इंच. तिथून पुढे टोकापर्यंत दोन्ही कडा जवळजवळ सरळ रेषेत येतात, आणि कडेवर बोट फिरवलं तर मधे गोल लागते, शेवटच्या हातभरात खालच्या बाजूला धार येते. फिन लाकडाचा, तळहाताएवढा, टोकापासून वीतभर आत. तळाचा फोटो आज रात्री टाकतो.