विशेषण-नामाच्या इंग्रजी जोड्या: शिकवणाऱ्यांनो, अनुभव लिहा

व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी वाक्य खटकतं, कारण जोडी चुकलेली असते. इंदुरात इंग्रजी शिकवणारे, वह्या तपासणारे, भाषांतर करणारे यांनी इथं लिहावं. ‘वाचन वाढवा’ एवढा सल्ला सोडून काहीही चालेल.

रामबागकर
आपली मुलं घरी मराठी, बाहेर हिंदी बोलतात. बराचसा घोळ होतो तो ‘तेज’पाशी. तेज बारिश, तेज बुखार, तेज हवा, तेज चाकू, तेज रोशनी: सगळीकडे ‘फास्ट’ लावून मोकळी. इंग्रजीत पाऊस हेवी, ताप हाय, वारा स्ट्राँग, सुरी शार्प, उजेड ब्राइट. ‘फास्ट’ उरतं ते कार, ट्रेन, बोलर यांच्यासाठी. फळ्यावर मधोमध ‘तेज’ लिहायचं, भोवती नामं मांडायची आणि विशेषणं मुलांकडून काढून घ्यायची. विशेषणांची यादी आधीच दिली, तर नुसते अंदाजानं बाण मारतात. मराठी ‘मोठा’ही तसाच: मोठा आवाज लाउड, मोठा पाऊस पुन्हा हेवी.

सुदामानगर
रामबागकरांशी अर्धंच पटतं. फळ्यावर ठीक, पण वहीत पान नामाच्या नावानं हवं. लिहिताना नाम आधी सुचतं, विशेषण मागाहून शोधावं लागतं. ‘रेन’च्या पानावर हेवी, लाइट, स्टेडी, टॉरेन्शियल, ‘मिस्टेक’च्या पानावर बिग, सीरियस, सिली, कॉमन. चार-पाच पुरेत. आणि सुटी जोडी नको, अख्खं वाक्य उतरवायचं. नाहीतर ‘ए हेवी ट्रॅफिक’, ‘ए गुड अ‍ॅडव्हाइस’ हमखास होतं. ट्रॅफिक, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन ही न मोजायची नामं, त्यांच्याआधी ‘ए’ नाही.

छप्पन
फास्ट फूड, पण क्विक ब्रेकफास्ट. पोहे-जिलबी दुसऱ्यात.

राजेंद्रनगर
विरुद्धार्थी शब्द एकटे पाठ करून घेऊ नका, तिथंच मुलं फसतात. कडक चहा ‘हार्ड’ नाही, स्ट्राँग. फिका चहा वीक. पण स्ट्राँग विंडच्या उलट लाइट विंड आणि स्ट्राँग अ‍ॅक्सेंटच्या उलट स्लाइट अ‍ॅक्सेंट. रफ सी – काम (calm, शांत) सी, पण रफ स्किन – स्मूद स्किन. नाम बदललं की विरुद्धार्थीही बदलतो. ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ अर्थानं जवळचे, तरी चहा पॉवरफुल होत नाही आणि गाडीला स्ट्राँगपेक्षा पॉवरफुलच शोभतं. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६६मध्ये हीच चहा-गाडीची जोडी उदाहरणाला घेतली होती.

छावणी
बिग, लार्ज, ग्रेट यांचा ढोबळ हिशेब: नंबर, अमाउंट, क्वांटिटी यांना लार्ज, मिस्टेक, डिसिजन, सरप्राइज यांना बिग, सक्सेस, प्लेझर, इम्पॉर्टन्स यांना ग्रेट. ‘डिफरन्स’ला बिगही चालतं, ग्रेटही. अशी दुहेरी उत्तरं तपासताना उगाच लाल शाईनं कापू नयेत.

स्नेहलतागंज
शंका आली तर दोन्ही जोड्या शोधून कुठली किती वेळा येते ते आकडे ताडून पाहा. पण नुसत्या वेबवर नको, तिथं चुकीच्या जोड्याही ढिगानं मिळतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या खऱ्या वापरातल्या इंग्रजी मजकुराच्या संग्रहात शोधा; त्यात सुमारे १० कोटी शब्द आहेत, लेखी जास्त, बोलीतले कमी. मात्र त्यातला मजकूर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संपतो. मोबाइल-इंटरनेटच्या जोड्या तिथं धुंडाळू नका, त्यासाठी ताजी इंग्रजी वर्तमानपत्रं बघा.