अनुभव धागा: गोल्फ किट परगावी धडधाकट पोचवायचं कसं?

खाडीपल्याड:
नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर नियमित खेळणारे बरेच जण किट घेऊन बाहेर पडतात. कुणी गोव्याला, कुणी बंगळूरला, कुणी थायलंड-श्रीलंकेला. दरवेळी तेच प्रश्न नव्याने येतात, म्हणून हा धागा काढतोय. पॅकिंग, विमान, रेल्वे, गाडी, कुरिअर, कस्टम्स, यातलं जे पक्कं ठाऊक असेल ते लिहा. मापं आणि वजनं द्या. 'मजबूत बॅग घ्या' एवढ्यावर कुणाचं भागत नाही; कुठे मोडतं आणि का मोडतं ते हवंय.

सुरुवात वजनापासून. देशांतर्गत इकॉनॉमीच्या बहुतेक तिकिटांवर चेक-इन सामान १५ किलो मिळतं. १४ क्लबचं (बॉल मारायच्या काठ्यांचं) वजन साधारण ५ ते ६ किलो, स्टँड बॅग (पाय असलेली हलकी बॅग) २ ते अडीच, मऊ ट्रॅव्हल कव्हर ३ ते ४, बूट १. एका बॉलचं वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे डझनाला अर्धा किलोच्या वर. एकही कपडा न घालता १२ ते १४ किलो झाले. कार्ट बॅग (गाडीवर ठेवायची मोठी, जड बॅग) आणि हार्ड केस घेतली की १५ ओलांडलेच. तेव्हा कार्ट बॅग घरी ठेवा, बॉल एक-दोन स्लीव्हच (तीन-तीन बॉलची खोकी) न्या आणि जादा वजन लागणारच असेल तर ते ॲपवरून आधीच घेऊन ठेवा. काउंटरवर किलोमागे लावतात तो दर जास्त असतो.

घोडबंदरकर:
चांगला विषय. मोडतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब क्लब, आणि तेही ठरलेल्या जागी: शाफ्ट (क्लबची दांडी) जिथे हॉझलमध्ये, म्हणजे हेडच्या (डोक्याच्या) नळीत, शिरतो तिथे, किंवा त्याच्या इंचभर वर. कारण सरळ आहे. ड्रायव्हर साधारण ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटरचा. सात नंबर आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) ३७ इंचांचं. बॅगेत ड्रायव्हरचं डोकं सगळ्यांत वर येतं. बॅग वरच्या टोकावर आपटली किंवा त्यावर दुसरी पेटी पडली की सगळा भार आधी त्याच डोक्यावर येतो आणि तिथून शाफ्टच्या सगळ्यांत बारीक भागात उतरतो. शाफ्टचं ग्राफाइट लांबीच्या दिशेने भक्कम असतं, पण आडवा मार आणि एका बिंदूवरचा दाब त्याला सोसत नाही.

म्हणून बॅगेत एक आधारदांडा हवाच. ॲल्युमिनियमचे लांबी कमी-जास्त होणारे तयार दांडे मिळतात. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून मॉपचा जाड लाकडी दांडा आणा. पीव्हीसी पाइप लांबीत वाकतो, तो नको. माप असं घ्यायचं: सगळे क्लब बॅगेत तळाला टेकवून ठेवा, सगळ्यांत उंच हेडच्या माथ्यापर्यंत टेप लावा आणि त्यात ३ ते ५ सेंटिमीटर मिळवा. त्या मापाला दांडा कापा. दोन्ही टोकांना टेनिस बॉलला चीर देऊन तो घट्ट बसवा, म्हणजे बॅगेचा तळ फाटत नाही आणि वरचं कव्हरही टोचून जात नाही. दांडा मधल्या कप्प्यात उभा राहिला पाहिजे, कडेच्या कप्प्यात तो तिरपा होतो.

तपासायची पद्धत: चेन लावल्यावर कव्हरच्या माथ्यावर तळहाताने जोर द्या. हाताला दांडा लागला तर ठीक. हेड लागलं तर दांडा अपुरा आहे.

सीवूड्सची_स्वाती:
घोडबंदरकर दादांच्या मुद्द्याला जोडून. ड्रायव्हर ॲडजस्टेबल असेल तर हेड काढूनच न्या. हॉझलच्या तळाशी स्क्रू असतो. क्लबबरोबर आलेला टॉर्क रेंच त्यात पूर्ण बसवून डावीकडे फिरवा. बहुतेक मॉडेलमध्ये स्क्रू हेडमध्येच अडकून राहतो, बाहेर येत नाही, त्यामुळे तो ओढत बसू नका. आधी स्लीव्हवरच्या (शाफ्टच्या टोकाच्या नळीवरच्या) खुणेचा फोटो काढा, नाहीतर तिथे पोचल्यावर लॉफ्ट (हेडच्या तोंडाचा तिरपेपणा) कितीवर होता ते आठवत नाही. हेड हेडकव्हरमध्ये घालून कपड्यांच्या सुटकेसच्या मध्यभागी ठेवा. शाफ्ट बॅगेत उलटा घाला, ग्रिप (मूठ) वर.

परत जोडताना रेंचचा 'कट' आवाज येईपर्यंत आवळायचं, त्यापुढे जोर लावायचा नाही. साध्या ॲलन कीने आवळू नका. किती जोर बसला ते त्यावर कळत नाही आणि आटे जातात. रेंच चेक-इन बॅगेतच ठेवा, हॅंडबॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. क्लब तर केबिनमध्ये चालतच नाहीत, पटर (होलजवळ वापरायचा क्लब) सुद्धा नाही.

पाच_नंबर_आयर्न:
बॅगेच्या आतल्या भरणीबद्दल. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप कुठल्याही एसीवाल्याकडे किंवा हार्डवेअरमध्ये मीटरवर मिळतो. त्याचे ३०-३५ सेंटिमीटरचे तुकडे करून उभी चीर द्यायची आणि वूड, हायब्रिड या लांब क्लबांच्या शाफ्टवर हॉझलपासून खाली चढवायचे. वजन जवळजवळ नाहीच. आयर्नच्या डोक्यांमध्ये एक मोठा टॉवेल नागमोडी फिरवा, मग सगळी डोकी मिळून एका वेल्क्रो पट्ट्याने बांधा. सुटी राहिली की प्रवासभर एकमेकांवर आपटत राहतात. वरच्या पोकळीत जॅकेट, मोजे, टी-शर्ट ठासून भरा. बूट माथ्यावर ठेवू नका, ते खाली, कडेच्या खिशात.

स्टँड बॅगचे पाय ही विसरली जाणारी गोष्ट. तळावर दाब आला की पाय उघडू पाहतात, कव्हरमध्ये जागा नसते, मग पाय किंवा त्याची स्प्रिंगची तार मोडते. दोन्ही पाय बॅगेला पट्ट्याने आवळून घ्या.

आणि पोचल्यावर लगेच आयर्न बघा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न दाबाखाली एखाद-दुसरा अंश वाकतात, आणि तो दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. शेजारच्या नंबरांची जोडी घ्या, दोन्हीचे सोल (हेडचे तळ) एकाच सपाट फरशीवर टेकवा आणि शाफ्टचे कोन ताडून पाहा. एकाचा कोन वेगळाच वाटला तर तो क्लब कोर्सवरच्या प्रो शॉपमध्ये (गोल्फच्या दुकानात) हेडचे कोन मोजणाऱ्या लॉफ्ट-लाय मशीनवर तपासून घ्या.

बेलापूरचा_बॅकस्विंग:
हार्ड केस की मऊ कव्हर? कुणी स्पष्ट सांगेल का?

घोडबंदरकर:
@बेलापूरचा_बॅकस्विंग, वर्षातून एकदा परदेशी आणि तेही जोडविमानाने जात असाल तर हार्ड केस. आडवा मार ती चांगला झेलते. मात्र आत भरणी नसेल तर तिच्यातही क्लब खडखडतात आणि हेड भिंतीवर आपटतं, त्यामुळे दांडा आणि टॉवेल तिथेही लागतातच. वजन ५ ते ७ किलो, घडी होत नाही, हॉटेलच्या खोलीत अडगळ होते. बाकी सगळ्यांसाठी माथ्याला जाड पॅडिंग असलेलं मऊ कव्हर आणि आधारदांडा पुरेसा आहे. विकत घेताना पॅडिंगपेक्षा चाकं आणि चेन आधी बघा. चाकांकडचं बूड कडक प्लॅस्टिकचं हवं आणि चेनच्या दोन्ही सरकत्या कड्या एकत्र कुलूपबंद होतील अशा हव्यात.

ऐरोलीकर:
घरापासून विमानतळापर्यंतचं बोला. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीच्या आणि डिकीत टाकी. ट्रॅव्हल कव्हर १२५ ते १३० सेंटिमीटर लांब असतं, ते तिथे आडवंही बसत नाही. मग चालक ते मागच्या सीटवर तिरपं कोंबतो आणि दारात हेडकडची बाजू चेपली जाते. बुकिंग करताना सहा-सात सीटवाली गाडी घ्या आणि मागची रांग पाडून द्यायला सांगा. कॅरिअरवर टाकायची वेळ आली तर चाकं मागे, माथा पुढे, दोन ठिकाणी पट्टे. दोरी हॅंडलमधून ओवा, बॅगेच्या मधोमध आवळू नका.

दुसरं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत. खारघर, बेलापूर, पनवेलकरांची मोठी सोय झाली, पण जातानाचं तिकीट तिथलं आणि येतानाचं सांताक्रूझ-अंधेरीचं असं होऊ शकतं. स्वतःची गाडी पार्क करून जाणाऱ्यांनी दोन्ही तिकिटांवरचा विमानतळ बघून घ्या. एवढं धूड घेऊन रात्री शहर ओलांडणं त्रासाचं आहे.

स्वतःच्या गाडीने पुणे किंवा नाशिक करणाऱ्यांसाठी: सेडानच्या डिकीत बॅग तिरपी बसते, न बसल्यास फक्त ड्रायव्हर आणि तीन नंबर वूड काढून सीटवर ठेवा. मे महिन्यात किट बंद गाडीत दिवसभर ठेवू नका. हेड आणि शाफ्ट जोडणारा एपॉक्सी उष्णतेने सैल होतो, फेरूल (जोडावरची प्लॅस्टिकची कडी) वर सरकलेला दिसतो, ग्रिपही कडक पडतात.

टर्मिनल_दोन:
काउंटरवर काय करायचं ते क्रमाने.
तिकीट काढतानाच 'क्रीडासाहित्य' म्हणून नोंद करा. काही कंपन्या गोल्फ बॅग नेहमीच्या वजनात धरतात, काही वेगळं शुल्क लावतात. जोडविमान असेल तर दोन्ही कंपन्यांचे नियम वाचा. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका, लोडरच्या सुरक्षेसाठी ती हद्द जगभर पाळतात.
टॅग लावल्यावर बॅग नेहमीच्या पट्ट्यावर सोडू नका. ओव्हरसाइज काउंटर कुठे आहे ते विचारा आणि तिथे हाताने द्या. वळणावर लांब बॅग अडकते आणि तिथेच ओढाताण होते. उतरल्यावरही ती बऱ्याचदा ओव्हरसाइजच्या दाराशी येते, पट्ट्यावर वाट बघत बसू नका.
'लिमिटेड रिलीज'चा टॅग लावून सही मागितली तर आधी वाचा. पॅकिंग अपुरं होतं हे तुम्ही मान्य करताय, असा त्याचा अर्थ होतो आणि नुकसानभरपाईचा दावा कमजोर पडतो. चेन बंद, पट्टे आवळलेले, माथा भरलेला दिसला की सहसा तो टॅग लावायची वेळ येत नाही.
जुने टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर सोलून टाका. आत एका कागदावर नाव आणि मुक्कामाच्या हॉटेलचं नाव ठेवा. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा ट्रॅकर बॅगेत चालतो, तो तळाच्या खिशात टाका.

वाशीची_वेज:
परदेशी जाताना कस्टम्स. महागडं किट बाहेर नेत असाल तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. चेक-इनच्या आधी, कारण अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. बॅग आत गेली की संधी गेली. आधीच एक यादी छापून न्या: ब्रँड, मॉडेल, हॉझलवर कोरलेला सीरियल नंबर, खरेदीचं बिल. हॉझलवरचा नंबर फार बारीक असतो, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढला तर वाचता येतो. परत येताना किट तिकडून विकत आणलंय का असा प्रश्न आला तर हाच कागद कामाला येतो.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बूट आणि क्लब दात घासायच्या जुन्या ब्रशने माती निघेपर्यंत धुवा. स्पाइकच्या बुडाशी आणि आयर्नच्या खाचांत माती राहते. फॉर्मवर वापरलेलं क्रीडासाहित्य जाहीर करा. तिथले जैवसुरक्षा नियम कडक आहेत.

टर्मिनल_दोन:
मोडलंच तर? बॅग हातात आली की विमानतळाबाहेर पडण्याआधी उघडा. नुकसान दिसलं तर तिथेच कंपनीच्या डेस्कवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, भरून घ्या आणि त्याचा क्रमांक मिळवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असेल (भारत त्यात आहे) तर नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी जबाबदारीची मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयांत दीड लाखाच्या वर. नवा पूर्ण संच याहून महाग असू शकतो, तेव्हा किंमत आधी जाहीर करून जादा शुल्क भरायचा पर्याय विचारा. देशांतर्गत मर्यादा यापेक्षा फार कमी आहे. प्रवास विम्यात बऱ्याचदा पूर्ण हरवलेलं सामान धरतात, मोडलेलं नाही, हे पॉलिसीत तपासा. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे गोल्फरांसाठी वेगळी पॉलिसी मिळते. तिच्यात प्रवासातलं नुकसान येतं का ते लेखी विचारा. पॅक केलेल्या बॅगेचा चेन उघडी असतानाचा फोटो दाव्याला फार उपयोगी पडतो.

कोकणकन्या_प्रेमी:
गोव्यासाठी रेल्वे सुचवतो. वंदे भारत, मांडवी, कोकणकन्या, तिन्ही ठाणे आणि पनवेलला थांबतात. बॅग कायम तुमच्या नजरेसमोर राहते, हाच मोठा फायदा. थांबा थोडाच असतो, म्हणून डबा कुठे येतो ते बघून आधीच उभे राहा आणि बॅग चाकांवर न ओढता दोघांनी उचलून चढवा. स्लीपर डब्यात खालच्या बर्थखाली, माथा खिडकीकडे ठेवायचा. पॅसेजकडे ठेवला तर लोकांचे पाय आणि पेट्या लागतात. चेअर कारमध्ये वरच्या फळीवर लांबीच्या दिशेने ठेवा. दांडा असला तरी त्यावर दुसरी बॅग ठेवू देऊ नका.

श्रीनगरला रॉयल स्प्रिंग्ज गोल्फ कोर्सवर खेळायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: परतताना तिथल्या विमानतळाच्या ड्रॉप गेटवर गाडीतलं सगळं सामान उतरवून एक्स-रे करतात. लांब बॅग घेऊन हे सगळं करायचं म्हणजे वेळ जातो. नेहमीपेक्षा तासभर आधी निघा.

पाच_नंबर_आयर्न:
कुरिअरने पाठवणाऱ्यांसाठी: तिथे आकारमानावरून काढलेलं वजन धरतात. ते असं: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. १२५ × ३५ × ३० ची पेटी २६ किलोंवर जाते, प्रत्यक्ष वजन १५ असलं तरी. म्हणून पेटी बॅगेला घट्ट बसेल अशीच घ्या. घोषणापत्रात 'वापरलेलं वैयक्तिक क्रीडासाहित्य' लिहा, ट्रान्झिट विमा घ्या, आणि हॉटेलच्या नावाबरोबर पाहुण्याचं नाव आणि चेक-इनची तारीख ठळक लिहा, नाहीतर रिसेप्शनवाले पेटी परत पाठवतात.

पावसाळ्यात पाठवत असाल तर किट आधी मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. मऊ कव्हरची शिवण गळते. पोचल्यावर लगेच उघडून स्टीलचे शाफ्ट पुसा, विशेषतः कोटिंग नसलेले वेज (जवळच्या फटक्यांचे क्लब). त्यांना एका रात्रीत गंज धरतो.

बेलापूरचा_बॅकस्विंग:
एक राहिलं. लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि इलेक्ट्रिक ट्रॉली?

टर्मिनल_दोन:
रेंजफाइंडर हॅंडबॅगेत न्या, सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँकही तिथेच. चेक-इनमध्ये सुटे सेल आणि पॉवर बँक चालत नाहीत. ट्रॉलीच्या बॅटरीचा हिशोब व्होल्ट × अँपिअर-अवर. १०० वॉट-अवरपर्यंत हॅंडबॅगेत चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी प्रवासी विमानात सामान म्हणून नेताच येत नाही. १२.८ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरची बॅटरी २३० होते. त्यामुळे ट्रॉली घरी ठेवा आणि टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतानाच तिथली कार्ट किंवा कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) सांगून ठेवा.