अनुभव धागा: सरकारी नोकरीतले समलिंगी कर्मचारी

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. आता आम्ही गुन्हेगार नाही. पण सरकारी नोकरीत बदलीपासून निवृत्तिवेतनापर्यंत सगळं नियमावर चालतं, आणि त्या नियमांत आमच्या जोडीदाराला अजून जागा नाही. समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या खटल्यात केंद्राची भूमिका होती की हा संसदेचा विषय आहे. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानेही तेच मान्य केलं. सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये लोकसभेत मांडलेलं विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपलं. राजकारण्यांची टोलवाटोलवी आपण बघतोच आहोत. मी आस्थापना शाखेत आहे, सेवापुस्तकं रोज हाताळतो. प्रत्यक्ष नोकरीत काय घडतं ते तुम्ही लिहा. नाव, गाव, कार्यालय लिहू नका.

जिल्हा परिषद शिक्षिका, विदर्भ

आम्ही दोघी शिक्षिका, एकाच जिल्ह्यात, पण दोन टोकांना. बदल्यांचं पोर्टल सुरू झालं की स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसतो. नवरा-बायको तीस किलोमीटरपेक्षा लांब असतील तर विशेष संवर्ग भाग दोनमधून अर्ज करता येतो, पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून. सहकारी अंतराचा दाखला काढायला धावतात, मी त्यांचे अर्ज भरून देते कारण मला कॉम्प्युटर बरा येतो. माझ्या अर्जात मी अविवाहित. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडते आणि रविवारी संध्याकाळी परत. गेल्या वेळी एक बाई म्हणाल्या, "तुला काय, एकटा जीव, कुठेही टाकलं तरी चालतं." त्या मनाने चांगल्या आहेत. त्यांना खरं सांगावंसं वाटलं, पण गावातल्या पालकांपर्यंत बातमी पोचली तर माझ्या वर्गात मुली ठेवतील का ही भीती आहे. कायदा बदलला तरी ही भीती लगेच जाणार नाही, पण निदान अर्ज तरी करता येईल.

निवृत्त प्राध्यापक, नागपूर

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे आमच्या नागपूरचे, कवी. फेब्रुवारी 2010 मध्ये ते एका पुरुषाबरोबर असताना कॅमेरे घेऊन लोक त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्या दिवसांत आमच्या कॉलेजात जे बोललं गेलं ते ऐकून मी ठरवलं की निवृत्त होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि नाही उघडलं. केंद्रीय विद्यापीठातल्या विभागप्रमुखाची ही गत झाली, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं होतं?

राजपत्रित अधिकारी, मराठवाडा

मी स्वतः समलिंगी नाही. माझ्याकडे एका लिपिकाविरुद्ध निनावी अर्ज आला: हा पुरुषाबरोबर राहतो, याची खातेनिहाय चौकशी करा. वर्तणूक नियमातलं न शोभणाऱ्या वर्तनाचं कलम असल्या वेळी कुणावरही लावता येतं. वरून फोनही आला, "कशाला भानगड, बदली करून टाका." अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये याच कारणावरून काढलेल्या होमगार्डला परत घ्यायला लावलं होतं. टिपणीत तो निकाल उद्धृत केला आणि अर्ज दप्तरी दाखल केला, म्हणजे कारवाई न करता बंद केला. लिपिकाला कळवलं नाही. कळवायला हवं होतं का, यावर इथल्या लोकांचं मत वाचायला आवडेल.

केंद्रीय कर्मचारी, दिल्ली (मूळ सातारा)

ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही. पत्राची प्रत घेऊनच बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती साहेबांना दाखवली आणि काम झालं. सीजीएचएसच्या (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डावर मात्र त्याचं नाव लागत नाही. त्याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च मी खिशातून केला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या बायकोचं बिल त्याच महिन्यात मंजूर झालं.

पोलीस शिपाई

बॅरेकमध्ये राहतो. जास्त लिहू शकत नाही. वाचतोय.

धागाकर्ता

शिपाईदादा, वाचत राहा, तेवढंही पुरे. कुणी नामनिर्देशनाबद्दल विचारलंय: उपदानासाठी (ग्रॅच्युइटी) नियमातल्या कुटुंबातलं कुणीही हयात नसेल तरच बाहेरच्या व्यक्तीचं नाव देता येतं. म्हणजे आई किंवा वडील असेपर्यंत जोडीदाराचं नाव चालत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन तर त्याला मिळतच नाही. मृत्युपत्र आजच करून ठेवा. घर, बँकेतली शिल्लक, ठेवी त्यात येतात, निवृत्तिवेतन येत नाही. ते मिळवायचं तर नियमच बदलावे लागतील, आणि त्यासाठी समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा विचार करायला केंद्राने नेमलेल्या, कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे कर्मचारी संघटनांनी लेखी मागणी करायला हवी. तुमच्या संघटनेने हा विषय कधी बैठकीत घेतला असेल तर जरूर लिहा.