शब्दचर्चा: 'पायाभूत सुविधा'ला आपल्याकडं काय म्हणतात?

धागाकर्ता, मंगळवार पेठ

गेली तीन वर्षं मी कोल्हापूर आणि आसपास एकाच विषयाचे फोटो काढतोय. पूल, बंधारे, टाक्या, नाले, रस्त्याचे भराव. आणि त्यांच्या कडेनं माणसं कशी राहतात, कुठून वळसा घालतात, कुठं बसतात, कधी उठून सामान हलवतात. फोटो निवडून झाले, प्रदर्शनासाठी छापूनही आले. अडलंय ते मराठीवर.

इंग्रजीत विषय एका दमात सांगता येतो: इन्फ्रास्ट्रक्चर कम्युनिटीला कसं शेप करतं. मराठीत मी लिहिलं, 'पायाभूत सुविधा समुदायांना कसा आकार देतात'. व्याकरण बरोबर आहे. पण ही ओळ निविदेच्या जाहिरातीतून उचलल्यासारखी वाटते, आणि माझ्या फोटोतलं एकही माणूस असं बोलत नाही.

एक प्रसंग सांगतो. पहाटेच्या वेळी एका गल्लीत सार्वजनिक नळाचा फोटो काढत होतो. सिमेंटचा ओटा, घागरींच्या बुडांनी त्याला वाटीसारखे खळगे पडलेले, ओळीनं सात-आठ. तिथं बसलेल्या मावशींना मी विचारलं, "इथं पाण्याची सुविधा कशी आहे?" त्या म्हणाल्या, "सुविधा न्हाई, चावी हाय. पाचला येती. मी चारला उठतो." (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं बायकाही 'उठतो', 'जातो' म्हणतात, आणि नळाला चावी म्हणतात.) सुविधा आणि चावी यांच्यात जे अंतर आहे तेच माझ्या फोटोंत आहे. म्हणून इथं विचारतोय. 'सुविधा' टाळून हे सगळं सांगणारा एखादा शब्द आहे का? आणि 'शेप'ला 'आकार देणे' सोडून काय म्हणावं?

राजारामपुरीतून

आधी कागदावरचा फरक सांगते, कारण तो लोक सरमिसळ करतात. 'मूलभूत सुविधा' म्हणजे पाणी, दिवा, गटार, शौचालय. घराच्या दारापर्यंत येणारं. 'पायाभूत सुविधा' म्हणजे धरण, महामार्ग, पूल, वीजवाहिन्या. 'नागरी सुविधा' हा नगरपालिका-महापालिकेचा शब्द. 'अवसंरचना' सरकारी अहवालांत दिसतो, बोलताना मी तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

तुमची खरी अडचण 'पायाभूत'ची नाही, 'सुविधा'ची आहे. सुविधा आणि सोय हे दोन्ही शब्द मिळणाऱ्याच्या बाजूचे. ज्याच्या दारावरून पाईप पुढं गेली पण थांबली नाही, त्याच्यासाठी ती पाईप काय? त्याला तुम्ही 'गैरसोय'ही म्हणू शकत नाही, कारण गैरसोय व्हायला आधी सोय असावी लागते.

धागाकर्ता

ताई, शेवटचं वाक्य अगदी मर्मावर आहे. माझ्याकडं असाच एक फोटो आहे. भली मोठी जलवाहिनी, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी, शेजारी पाण्याचं पिंप. त्याच्या खाली 'सुविधा' लिहायला हात होत नाही.

मिरजेहून, निवृत्त रेल्वे कर्मचारी

मूळ शब्दाबद्दल थोडं. इन्फ्रास्ट्रक्चर हा इंग्रजीचा स्वतःचा शब्द नव्हे, फ्रेंचमधून आला, आणि तिथं तो आमच्या खात्याचा होता. रूळ टाकायच्या आधी खाली जे करावं लागतं ते: मातीकाम, भराव, मोऱ्या, पूल, बोगदे. 'इन्फ्रा' म्हणजे खालचं. पुढं लष्करी तळ, बंदरं, वीज असं सगळं त्यात शिरलं. त्यामुळं पहिल्या अर्थानं बघाल तर मराठी शब्द शोधायची गरजच नाही. तो आहे: भराव.

धागाकर्ता

काका, हे वाचून मी उठून उभाच राहिलो. कारण कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत 'भराव' हा शब्द जेवढा बोलला गेला असेल तेवढा 'पायाभूत सुविधा' कधीच नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचा संपर्क तुटला. तेव्हापासून नदीकाठच्या लोकांचं म्हणणं एकच आहे: महामार्गाचा भराव पाण्याला आडवा येतो, त्या जागी कमानी करा, पाणी खालून जाऊ द्या. चहाच्या टपरीवर, ग्रामसभेत, सगळीकडं हाच शब्द. एकाच भरावाच्या एका बाजूला लोक त्याला रस्ता म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला बांध. माझे दोन फोटो आहेत, त्याच जागेवरून, पाठ फिरवून काढलेले. आता त्या दोन्हींखाली एकच शब्द येईल.

कसबा बावड्यातून

तुम्ही नामं गोळा करताय, पण आमच्याकडं हे सगळं आकड्यात बोललं जातं. राजाराम बंधारा आमच्या गावाला. पंचगंगेची पातळी तिथं मोजतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. जुलै लागला की कोल्हापुरात कुणी 'नदीचं पाणी किती वाढलं' असं विचारत नाही. नुसतं "किती फूट?" फोन उचलल्यावर पहिला प्रश्न तोच. नदीचं नाव नाही, बंधाऱ्याचं नाही. "एकोणचाळीस झालं" म्हटलं की आमच्या गल्लीत धान्याची पोती माळ्यावर जातात. "त्रेचाळीस" म्हटलं की म्हशी सोडून उंचावर न्यायच्या. ५० फुटांच्या पुढचे आकडे तर आता वर्षांसारखे झालेत, २०१९ म्हटलं की तो आकडा आणि आकडा म्हटला की २०१९.

एका दगडी बांधावर रंगवलेल्या पट्टीनं अख्ख्या जिल्ह्याचं बोलणं बदललं. तुमच्या 'शेप'चं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

करवीर तालुक्यातून

याला जोडून 'बंधारा' शब्द घ्या. कोशात बंधारा म्हणजे पाणी अडवणारं बांधकाम. पण आपल्या पेपरात पावसाळ्यात बातमी येते, 'अमुक इतके बंधारे पाण्याखाली'. बाहेरचा माणूस गोंधळेल, बंधारा तर पाण्यातच असतो. आपल्याला लगेच कळतं: तेवढे रस्ते बंद. कारण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच गावाची वाट जाते. दूध त्यावरून, शाळेची पोरं त्यावरून, ऊस त्यावरून.

बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालताना कधी बघितलं नसेल तर जरूर फोटो काढा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांतून एकावर एक बरगे सोडतात, दोन ओळी, मधे माती ठासून भरायची. पूर्वी सगळे लाकडी, आता लोखंडीही असतात. पावसाच्या तोंडाला पुन्हा काढायचे. आमच्याकडं 'बरगं घातलं काय?' हा प्रश्न रब्बीचा प्रश्न असतो. बरगे वेळेवर काढले नाहीत तर पाणी तुंबून कडेच्या रानात शिरतं, म्हणून 'बरगं काढलं काय?' हाही तितकाच मोठा.

धागाकर्ता

काढलेत. एका फोटोत फक्त हात आहेत, दोन माणसांचे चार हात आणि ओला बरगा, त्यावर शेवाळ. खांबाच्या खाचेची कड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झाली आहे, उजेड तिच्यावरून घसरतो. मला वाटतं माझा सगळ्यात चांगला फोटो तोच.

इथं थोडं विषयाबाहेरचं, पण शब्दांशी जोडलेलं आहे. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्यानं १९५९पासून पुढं कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. ढगाळ उजेड, समोरासमोर, सगळ्यांना सारखं अंतर, आणि फोटोत माणूस नाही. टाक्या शेजारी शेजारी लावल्या की प्रत्येकीचा चेहरा दिसायला लागतो. मी सुरुवातीला तसंच करत होतो. नंतर लक्षात आलं की आपल्याकडं टाकी एकटी नसतीच. तिच्या सावलीत भाजीवाली असते, खांबाला कुणीतरी म्हैस बांधलेली असते, आणि 'टाकीजवळ' हा पत्ता असतो. दुसरं उदाहरण मार्गारेट बर्क-व्हाइट. 'लाइफ' मासिकाच्या नोव्हेंबर १९३६च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तिनं टिपलेलं फोर्ट पेक धरण होतं, प्रचंड, किल्ल्यासारखं. पण आतल्या पानांवर होती धरणाच्या कामामुळं उगवलेली कच्ची गावं आणि त्यातली संध्याकाळ. मुखपृष्ठावर पायाभूत सुविधा, आत वस्ती. मला दोन्ही एकाच चौकटीत हवंय. म्हणून शब्दही असा हवा ज्यात माणूस शिल्लक राहील.

शाहूपुरीतून

परीख पूल विसरू नका. नाव पूल, पण आपण जातो खालून. वरून रेल्वे जाते. पाऊस झाला की 'परीख पूल भरला' म्हणतो, पूल भरतो हे दुसऱ्या कुठल्या गावात म्हणत असतील असं वाटत नाही.

शुक्रवार पेठेतून

आणि 'पर्यायी पूल'. शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली, आता तोच मुख्य. नाव अजून पर्यायीच. जुन्याचा मान लोकांच्या जिभेवरून उतरलेला नाही.

राजारामपुरीतून

'समुदाय'चं काय करणार? तो मला 'सुविधा'पेक्षा जास्त खटकतो.

धागाकर्ता

मलाही. 'समाज' लिहावं तर आपल्याकडं 'तुम्ही कुठल्या समाजाचे' याचा अर्थ जात असा होतो. 'वस्ती' जवळ येतो, पण शहरात वस्ती म्हटलं की झोपडपट्टी डोळ्यासमोर येते आणि खेड्यात मळ्यातली चार घरं. कोल्हापुरात माणसं स्वतःची ओळख गल्ली, पेठ आणि तालीम या तीन शब्दांनी सांगतात. आणि गंमत नाही, अगदी मनापासून सांगतो, या ओळखीतच पाणी मुरलेलं आहे. मी मंगळवार पेठेतला. आमच्याकडं एका भागाचं नाव 'पाण्याचा खजिना' आहे. लोक पत्त्यात लिहितात, रिक्षावाल्याला सांगतात. पाणी साठवायच्या जागेला खजिना म्हणणारी माणसं 'सुविधा' म्हणतील कशाला? आणि पाटाकडील तालीम. शब्द सरळ आहे, पाटाच्या कडेची. शाहू स्टेडियमवर त्यांच्या फुटबॉल सामन्याला हजारो घसे ओरडतात ते नाव एका पाण्याच्या पाटाचं आहे.

त्यामुळं माझा कल असा होतोय की 'कम्युनिटी'ला एक शब्द नको. ज्या फोटोत गल्ली आहे तिथं गल्ली, तालीम असेल तिथं तालीम, गाव तिथं गाव.

'शेप'साठी मात्र मला एक शब्द सुचलाय: वळण. रस्त्याला वळण असतं, अक्षराला असतं, पोराला वळण लावतात, आणि वळणाचं पाणी वळणावर जातं. पाणी, वाट आणि माणसाची सवय, तिन्ही एका शब्दात.

मिरजेहून

शब्द सुंदर आहे, पण जपून. 'वळण लावणे' यात लावणारा असतो, त्याचा हेतू असतो. आई वळण लावते, मास्तर लावतात. बंधारा बांधणाऱ्याच्या मनात तुमचं 'किती फूट' हे बोलणं नव्हतं. परीख पूल बांधणाऱ्याला पोरांनी पावसात शाळेला लांबून जावं असं वाटत नव्हतं.

धागाकर्ता

खरं आहे. मग 'वळण लावणे' नको, 'वळण पडणे'. कागदाला घडी पडते, पायवाट पडते, तसं वळण पडतं. कुणी ठरवलेलं नसतं, रोज जाऊन जाऊन होतं. ओट्यावरचे घागरीचे खळगे तसेच पडलेत.

राजारामपुरीतून

'पडणे' पटलं. पण एक राहतं. काही वेळा ठरवणारा असतो. निळी पूररेषा, लाल पूररेषा या कुणीतरी नकाशावर आखलेल्या असतात, आणि त्यांच्यामुळं एका घराला बांधकामाची परवानगी मिळते, पलीकडच्या घराला मिळत नाही. नळाची वेळ पहाटे पाच कुणीतरी ठरवली म्हणून तुमच्या मावशी चारला उठतात. सगळंच आपोआप 'पडतं' म्हटलं तर ठरवणारे सुटतात.

धागाकर्ता

हे मी सोडून देणार होतो, बरं झालं थांबवलंत. तर दोन क्रियापदं ठेवतो. जिथं निर्णय दिसतो तिथं 'लावलेलं वळण', जिथं वापरानं झालंय तिथं 'पडलेलं वळण'. फोटो त्याप्रमाणं दोन भिंतींवर वाटून बघितले. चावीचा फोटो कुठल्या भिंतीवर जाईल हे ठरेना, वेळ लावलेली आहे आणि खळगे पडलेले आहेत. तो मधल्या खांबावर लावणार. 'पायाभूत सुविधा' हे शब्द दालनात कुठंही नसतील.

एक शेवटचं विचारतो. सुतारवाड्यासारख्या भागात, जिथं पाणी सगळ्यात आधी येतं, पूर उतरल्यावर काढलेला फोटो आहे. भिंतीवर ऑइलपेंटनं दोन रेघा, २०१९ आणि २०२१, दोन्ही माझ्या छातीच्या वर. उंबऱ्यात घोट्याएवढा गाळ, त्यात लहान मुलाच्या पायाचे ठसे. या गाळाला नदीकाठी वेगळा शब्द आहे का?

शिरोळ तालुक्यातून

शेतात बसला की मळी. मळीची जमीन म्हणून तिला भावही जास्त. घरात आला की आम्ही नुसता चिखलच म्हणतो.

धागाकर्ता

मग 'चिखल' लिहितो.