समुद्रातल्या अपघातांचा धडा आपल्या शिवारातल्या गॅसवाहिनीला लागू पडतो का?

मलप्रभाकाठ: दाभोळ–बेंगळुरू गॅसवाहिनी आपल्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. समुद्रातल्या अपघातांतून तिच्यासाठी एकच धडा घ्यावा: लांबून, झटकन बंद होणारे व्हॉल्व्ह. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेल-गॅस काढणारा फलाट पेटला. वीसेक मिनिटांत टार्टन या शेजारच्या फलाटाकडून येणारी १८ इंची गॅसवाहिनी धगीने फुटली आणि आग हाताबाहेर गेली. १६७ माणसं गेली. २००५ च्या जुलैत मुंबई हायवर जहाज रायझरला, म्हणजे समुद्रतळातून फलाटावर चढणाऱ्या पाइपला, धडकलं, तिथेही २२ बळी.

घटप्रभा: नाही पटत. टार्टन आणि क्लेमोर या शेजारच्या फलाटांना आपली वाहिनी बंद करता येत होती, तरी स्फोटानंतर त्यांनी उत्पादन चालूच ठेवलं! मूळ चूक त्याच्याही आधीची. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे नुसती ब्लँक फ्लँज (तोंड बंद करायची चकती) बसवली होती, तीही पक्की नव्हती. पंपाच्या कामाचं परमिट एक, व्हॉल्व्हच्या कामाचं दुसरं. दुसऱ्याची खबर रात्रपाळीला मिळालीच नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला.

शिवाय व्हॉल्व्ह मिटला म्हणून पाइप रिकामा होत नाही. १८ इंची पाइप, दोन व्हॉल्व्हमध्ये २० किलोमीटर, दाब ७० बार धरा. बाहेर पडल्यावर दोन लाख घनमीटरच्या आसपास गॅस होतो. तो जळतच राहणार.

आपल्याकडे धोका जेसीबीचा. उसाच्या रानात चर मारताना बकेटचा दात पाइपला लागतो, कोटिंग सोलतं, पोचा पडतो. गॅस सुटत नाही, म्हणून गडी माती लोटून गप्प बसतो. पोच्यावर ओरखडा असेल तर तिथेच पुढे भेग वाढते. वाहिनीवरच्या पट्ट्यात विहीर, बांधकाम, झाड नको हे १९६२ च्या पाइपलाइन कायद्यातच आहे. खोल खोदाईआधी कंपनीचा माणूस बांधावर उभा हवा.

मलप्रभाकाठ: आंध्रात नगरमला २७ जून २०१४ ला गॅसवाहिनी फुटून पेटली, तिथे कुणाचा जेसीबी लागला होता? पाइप आतून गंजला होता, गॅसबरोबर पाणी जात होतं. वीसहून जास्त माणसं गेली.

घटप्रभा: हे मान्य. पण त्यावर इलाज व्हॉल्व्ह नव्हे, गॅस कोरडा करणं आणि पिग (पाइपच्या आतून जाणारं तपासणी यंत्र) फिरवून भिंतीची जाडी तपासणं.

वेदगंगा: एक राहिलंच. मोठ्या वाहिनीतल्या गॅसला वास नसतो, तो शहरात गॅस शिरतो त्या गेट स्टेशनवर मिसळतात. रानात वासाची वाट बघू नका. फुसफुस आवाज, उडणारी माती, पट्ट्यातच वाळलेलं पीक दिसलं तर मोटर चालू-बंद करू नका, वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जा आणि मगच वाहिनीच्या खांबावरच्या नंबरला फोन लावा.