आर्ट्सवरून जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) आलेय, ॲनाटॉमी डोक्यावरून जातेय, सोडून देऊ का?

नमस्कार, मी बीड जिल्ह्यातली, बारावी आर्ट्स मराठी मिडियम, यंदा संभाजीनगरला जीएनएमला ॲडमिशन घेतलंय. सकाळी वॉर्डात ड्युटी, दुपारी लेक्चर, रात्री होस्टेलवर रेकॉर्ड नि केअर प्लॅन (कुठल्या पेशंटची काळजी कशी घ्यायची ते) लिहीत बसायचं. बायोसायन्सला सायन्सच्या मुली भराभर लिहून घेतात आणि मी नुसती मॅडमच्या तोंडाकडे बघत बसते. आईला सांगितलं तर म्हणेल ये परत, पण पप्पांनी फी उसनवारी करून भरलीय त्यामुळे तेही सांगता येईना. काय करू?

कोल्हापुरी ब्रदर
खरं सांगू, जमत नसेल तर लवकर सोडलेलं बरं. मी बीएस्सी नर्सिंगला, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) करून आलो तरी पहिल्या सेमला फाटलेली.

स्टाफ नर्स सोलापूर
भाऊ, पहिली इंटर्नल परीक्षा तरी होऊ दे की तिची! अगं मी पण आर्ट्सचीच, जीएनएमला कुठलीही बारावी चालते ते काय उगाच नाही. घोकत बसू नको, दिवसा वॉर्डात जे केलंस तेवढंच रात्री पुस्तकात शोध. बीपी घेताना कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथो ठेवतेस ती ब्रेकियल आर्टरी, मनगटावर नाडी बघतेस ती रेडियल, झालं की दोन नावं. आणि श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, नाडी धरलेला हात तसाच ठेवून छातीकडे बघायचं, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. असं चार पेशंटचं मोजलं की मिनिटाला १२ ते २० हे आपोआप डोक्यात बसतं.

थर्डइयरवाली
+१ ताई. रेकॉर्ड रविवारवर ढकलू नको गं, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं होस्टेल जागं असतं. सीनियरचं जुनं रेकॉर्ड माग, पण छापू नको, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) लगेच कळतं. आणि झोपच येत नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. लाजू नको.

प्रश्नकर्ती
थँक्यू ताई, जरा बरं वाटलं. उद्यापासून मेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग आहे. केअर प्लॅन आधी कच्चा मराठीत लिहून मग इंग्लिशमध्ये केला तर चालेल का?

स्टाफ नर्स सोलापूर
चालेल काय, मी शेवटपर्यंत तेच केलं. फक्त औषधाचं नाव नि डोस केस पेपर बघूनच उतरव, आठवणीतून नको.