पायी वारीसाठी पावसाळी सामान : रेनकोट, पाँचो की साधा कागद?

कोथरूडचा_नवखा

राम कृष्ण हरी मंडळी. यंदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी जायचं पक्कं झालंय. आम्ही तिघं : मी (४१), बायको (३८) आणि आई (६६). आई लोणंदपर्यंत चालेल, पुढे दिंडीच्या गाडीतून येईल. ती साडीच नेसते. मोठ्या पिशव्या दिंडीच्या ट्रकमध्ये जाणार, अंगावर फक्त १५-२० लिटरची सॅक.

१. रेनकोटचा सूट, पाँचो (डोक्यातून घालायची, बाह्या नसलेली सैल झूल) की साधा प्लास्टिकचा कागद?
२. रेनकोटवर ३००० मिमी, ५००० मिमी असे आकडे लिहिलेले असतात. किती पुरे?
३. आईला साडीवर काय चालेल?
४. चपला की बूट?

माणशी दोन हजारांच्या आत बसवायचंय. 'माउली सांभाळून घेते' हे मान्य, पण तरी सांगा.

दिवेघाट

आधी पाऊस कुठे लागणार ते बघा, मग दुकानात जा.

यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी २५ जुलैला आहे, म्हणजे प्रस्थानही जुलैत. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती आणि पाऊस रेंगाळला होता, तेव्हा रेनकोटापेक्षा टोपी जास्त कामाला आली. यंदा तसं धरून चालू नका. जुलैत पुण्यात पाऊस बसलेला असतो.

आळंदी-पुणे आणि पुणे-सासवड हे टप्पे सगळ्यात ओले. त्यात पुणे-सासवड सगळ्यात लांब, तीस-बत्तीस किलोमीटर, आणि शेवटी दिवे घाट. घाटात पावसापेक्षा वारा त्रास देतो. झोत आडवा येतो, टोपी उडते, छत्री उलटते, पाँचोची झूल होते. सासवड, जेजुरी, वाल्हे या पट्ट्यात बहुतेक भुरभुर, मध्येच एखादी जोरदार सर. नीरा ओलांडून लोणंदला पोचलात की पर्जन्यछायेचा मुलूख सुरू. तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस या बाजूला ढग असतात, पाऊस कमी, उकाडा भरपूर. संध्याकाळी वळवासारखी एखादी सर येऊन राहुट्या उडवते ती गोष्ट वेगळी.

म्हणजे जे घ्याल ते चार-पाच दिवस अंगावर आणि पुढचे बारा-तेरा दिवस पाठीवर. वजन हा पहिला निकष. घडी करून सॅकच्या बाजूच्या खिशात मावत नसेल तर ती वस्तू फलटणच्या आत ट्रकमध्ये जाते आणि नेमकी सर आली की हाताशी नसते.

आणि एक गोष्ट मनाशी धरा : दिवसा अंग थोडं भिजणारच, पावसाने नाहीतर घामाने. सांभाळायचं ते रात्रीचा कोरडा जोड, अंथरूण आणि पाय.

शिवणटीप

दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर लिहितो.

३००० मिमी म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. नुसत्या पावसाला १५००ही चालतं. पण सॅकच्या पट्ट्याखाली, कोपरावर, ओल्या कठड्यावर बसल्यावर मागे दाब वाढतो आणि तिथूनच पाणी आत येतं. म्हणून ३००० घ्या. १०,०००च्या मागे लागू नका, तो पैसा शिवणीत गेलेला बरा.

कारण रेनकोट गळतो तो कापडातून क्वचित, शिवणीतून नेहमी. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक गळती. दुकानात रेनकोट उलटा करा. आतून प्रत्येक शिवणीवर चकचकीत टेप बसवलेली दिसली पाहिजे. खांदे, टोपीचा जोड आणि काख या तीन जागा खास बघा, स्वस्त मालात टेप पाठीवर असते आणि काखेत नसते. नखाने टेपची कड उचलून पाहा. आत्ताच सुटत असेल तर महिनाभर टिकणार नाही. चेनवर झाकणपट्टी हवी, आणि ती वेल्क्रो किंवा टिचबटणांनी बंद होणारी.

'श्वास घेणारं कापड' यावर फार विसंबू नका. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. जुलैतल्या पुण्याच्या दमट हवेत तो फरकच फारसा उरत नाही, आणि वरचं कापड पाण्याने गच्च झालं की उरलासुरला मार्गही बंद. त्यापेक्षा काखेत उघडणारी चेन किंवा पाठीवर झडप-जाळी असलेला साधा पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचा नायलॉन रेनकोट परवडतो.

आता सगळ्यात मोठी चूक. पुण्यात रेनकोट म्हणजे दुचाकीचा रेनकोट. दुकानदारही तोच पुढे करतो. तो बसलेल्या माणसासाठी, समोरून येणाऱ्या झोतासाठी बेतलेला असतो : जाड, हवा कुठूनच न खेळणारा, पीव्हीसीचा असेल तर जोडीचं वजन सहज पाऊण किलोच्या वर. तो घालून चालायला लागलात की अर्ध्या तासात आतून ओले. पँट तर नकोच. गुडघ्यात ओढते, मांड्यांमध्ये घासते आणि पावलागणिक फसफस वाजते. पातळ, लवकर वाळणारी ट्रॅक पँट भिजू द्या, चालता चालता अंगावरच वाळते. जीन्स मात्र चुकूनही नको.

घरात जुना रेनकोट असेल तर आतून हात फिरवून बघा. चिकट लागतोय किंवा आतला थर कोंड्यासारखा सुटतोय? मग लेप गेला. ओला घडी करून ठेवला की दमटपणाने असंच होतं. त्यावर इलाज नाही, फवारा मारूनही तो परत येत नाही.

टाळकरी_७२

वरच्या दोघांचं पटतं, पण दिंडीत चालणाऱ्याचे हात मोकळे नसतात हे कुणी लिहिलं नाही. टाळ, पताका, वीणा, काही ना काही हातात असतंच. म्हणून छत्री नको. चारच्या ओळीत छत्रीच्या काड्या बरोबर शेजारच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. विसाव्याला किंवा फलटणच्या उन्हात उपयोगी, तेवढ्यासाठी आईंच्या पिशवीत एक तीन घडीची असू द्या.

माझं मत पाँचोला. सॅकसकट झाकतो, खालून हवा खेळते, घालायला दहा सेकंद. घेताना :

- सॅक पाठीवर चढवूनच मापाला लावा. सॅकमुळे मागची बाजू वीतभर वर ओढली जाते. पुढून गुडघ्याच्या खाली आणि मागून पोटरीपर्यंत असेल तर चालताना ठीक येतो.
- दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन टिचबटणं हवीत. नाहीतर वाऱ्यात पतंग.
- कमरेला बाहेरून नाडी बांधा, पिशव्यांची सुतळीही चालते. दिवे घाटात याशिवाय पाँचो निरुपयोगी.
- टोपीला पुढे कडक झापड आणि ओढायची दोरी. झापड नसेल तर आत गांधी टोपी किंवा कॅप घाला, नाहीतर टोपीचा काठ डोळ्यांवर येतो.

कागदाची खोळ हा आपल्या लोकांचा जुना उपाय आणि तो वाईट मुळीच नाही. गोणपाटाची करतात तशीच : मोठ्या बंद पिशवीचा तळाचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवायचा, टोपी तयार, बाकीची पिशवी पाठीवर. फक्त जाडी बघून घ्या. दुकानदार 'गेज' म्हणतो : १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. २०० गेजचा कागद वाऱ्यात एका दिवसात चिरतो. ४०० गेज, म्हणजे १०० मायक्रॉन घ्या. दोन मीटर बाय दीड मीटरचा तुकडा साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरतो आणि विसाव्याला बसायला, रात्री अंथरुणाखालीही चालतो. बोहरी आळीत मापाने कापून मिळतो. खोळीने छाती आणि हात उघडे राहतात, हा तिचा दोष, आणि म्हणूनच उकडत नाही, हा गुण.

जाता जाता : दिंडीत पखवाज असेल तर त्याच्यासाठी वेगळी जाड पिशवी ठेवा. पुड्या (दोन्ही तोंडांवरची कातडी) ओल धरून सैल पडल्या की हरिपाठाला बोल निघत नाही. माणूस वाळतो, पखवाज लवकर वाळत नाही.

काठपदर

तिसरा प्रश्न सगळ्यांनी सोडला, अपेक्षेप्रमाणे. ;)

आईंना डोक्यातून घालायचा पाँचो देऊ नका. अंबाडा, पदर, चष्मा, सगळं अडकतं आणि गर्दीत कुणाच्या तरी मदतीशिवाय निघत नाही. पुढून पूर्ण उघडणारा, टिचबटणांचा लांब कोट बघा. चेन नको, ओल्या हातांनी खालचं टोक जुळवणं वैतागाचं असतं. लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत, घोट्यापर्यंत नको. घोट्यापर्यंतचा असेल तर चढावर पायात येतो आणि लघवीला बसताना चिखलात लोळतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

साडी भिजते ती वरून नाही, खालून. निऱ्यांचा काठ रस्त्यावरचं पाणी शोषतो आणि गुडघ्यापर्यंत चढवतो. सहावारी असेल तर चार बोटं वर नेसायची आणि परकरही तेवढाच आखूड करून घ्यायचा. सुती साडी ओली झाली की जड होते आणि रात्रीत वाळत नाही. प्रवासापुरत्या सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याच्या दोन साड्या बऱ्या. परकराच्या आत गुडघ्यापर्यंतची पातळ लेगिंग हवीच, कारण ओल्या मांड्या घासून सोलवटतात आणि तिसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. निघण्याआधी तिथे व्हॅसलीनचा हात.

रंग : फिकट पिवळा, पोपटी, केशरी. मुक्काम हलतो तेव्हा अंधार असतो आणि ट्रक-टँकर बाजूनेच जात असतात. निळा आणि काळा घेऊ नका, शिवाय निळ्याच कोटांच्या समुद्रात आई शोधायची कशी? पाठीवर रंगीत चिकटपट्टीची मोठी खूण करा.

तुमच्या पत्नी डोक्यावर तुळस घेणार असतील तर टोपीवाला कुठलाच प्रकार जमत नाही. मग टोपी सुटी करता येणारा कोट आणि मानेशी पंचा.

कोथरूडचा_नवखा

सगळ्यांचे आभार! म्हणजे आम्हा दोघांना पाँचो, आईला पुढून उघडणारा कोट, शिवाय प्रत्येकी एक ४०० गेजचा कागद. सॅकला रेनकव्हर घेतोच आहे. पायांचं राहिलं.

ओली_टाच

रेनकव्हरवर पैसे घालवू नका. पाणी पाठीकडून, पट्ट्यांच्या मधून ओघळतं आणि कव्हर नेमकं तिथेच उघडं असतं, शिवाय तळाशी त्याचं डबकं होतं. त्याऐवजी सॅकच्या आत जाड कचरापिशवी घाला, तोंड पिळून, दुमडून, रबर लावा. मोबाइल, औषधं, पैसे वेगळ्या झिपच्या पिशव्यांत. ट्रकमधल्या मोठ्या पिशवीलाही हेच, कारण ताडपत्री असली तरी खालच्या पिशव्या ओल्या होतात.

पाय. बंद बूट एकदा भरले की दुसऱ्या दिवशीही ओलेच. 'वॉटरप्रूफ' बूट तर वरून भरतात आणि पाणी आत धरून ठेवतात. मागे पट्टा असलेली, बोटं झाकणारी, खाचदार तळव्याची सँडल सगळ्यात सोयीची. अंगठ्याच्या चपलेत चिखलात टाच सरकते आणि बोटांच्या बेचक्यात कापतं. रबरी गमबूट विसरा. काहीही घ्या पण नवं कोरं नको, आधी किमान पन्नास किलोमीटर चाललेलं असावं, त्यातलं थोडं भिजून.

फोड येतो तो ओल्या कातडीवर घासल्याने. पाण्यात तासन् तास राहून तळवा पांढरा, सुरकुतलेला झाला की कातडी कागदासारखी सोलते. म्हणून :

- सकाळी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन.
- दर विसाव्याला सँडल काढून पाय पुसायचे, दहा मिनिटं उघडे. आळस इथेच होतो.
- चुरचुरायला लागलं की लगेच झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी. फोड आल्यावर लावलेली पट्टी काढताना कातडीही नेते.
- मुक्कामाला साबणाने धुऊन, कोरडे करून, बुरशीनाशक पावडर आणि फक्त झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे. हे मोजे दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत.

आईंना मधुमेह असेल तर रोज रात्री बॅटरी घेऊन तळवे कुणीतरी दुसऱ्याने बघा. त्यांना जखम जाणवेलच असं नाही.

दिवेघाट

राहुटीत झोपणार असाल तर एक भर. खालचा कागद राहुटीच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पाणी थेट अंथरुणाखाली येतं. सगळ्या कडा आत, वर चार बोटं दुमडलेल्या. उताराच्या वरच्या अंगाला टिकावाने वीतभर चर मारा. सखल, गवताळ, मऊ जागा दिसायला छान, पण पाणी तिथेच साचतं.

शिवणटीप

@कोथरूडचा_नवखा, खरेदी झाली की पहिल्या चांगल्या पावसात तिघांनी सॅक भरून, सगळं अंगावर चढवून पर्वती चढून-उतरून या. घरी येऊन सॅकमधला टॉवेल आणि काखेतली शिवण बघा. टेपमधून गळत असेल तर बिल जपून ठेवा, प्रस्थानाआधी बदलून मिळेल.